गाडी विकली, नाव राहिलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा पटला की विकणारा दावं घेणाऱ्याच्या हातात देतो. पैसे मोजले जातात, पावती होते आणि नवा धनी बैल घेऊन आपल्या गावाची वाट धरतो. पुढं त्या बैलानं कुणाला शिंग मारलं, तर जुन्या धन्याच्या दारात कुणी जात नाही. ही रीत आपल्या अंगात इतकी भिनली आहे, की जुनी गाडी घेतानाही आपण तसंच वागतो. किल्ली घेतली, पैसे दिले, बाँडवर दोघांच्या सह्या झाल्या, चहा झाला, संपला व्यवहार. पण गाडीचं दावं किल्लीला बांधलेलं नसतं. ते आरटीओच्या दप्तरातल्या नावाला बांधलेलं असतं. हे दावं सोडवायचं कसं, म्हणजेच जुनी व्हॅन घेताना तिचा कर आणि तिचा विमा यांचं काय करायचं, याविषयी आज बोलायचं आहे.

व्हॅनच का, असं कुणी विचारील. आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूरला जा, सेलूला जा, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठंही जा, मारुतीची व्हॅन दिसतेच. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढं तिचं नाव ‘ओम्नी’ झालं. २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. तिची धाकटी बहीण ‘ईको’ २०१० पासून रस्त्यावर आहे. नवी गाडी परवडत नाही, पण घरातल्या आठ माणसांना लग्नाला न्यायचं आहे, म्हाताऱ्या आईला नांदेडच्या दवाखान्यात दाखवायचं आहे, फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला दुकान लावायचं आहे. अशा माणसाला जुनी व्हॅन घ्यावीशी वाटते. ओम्नी आता नवी मिळतच नाही, म्हणजे जी फिरते ती कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हातात गेलेलीच असणार. हे सौदे बहुधा दुकानातून होत नाहीत. ओळखीतून होतात, पाहुण्यारावळ्यांतून होतात. आणि ओळखीत कागद मागायला माणूस लाजतो. ‘अहो, घरचाच माणूस आहे, कागदाचं काय घेऊन बसलात!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे.

कर गाडीचा, विमा माणसाचा

एक गोष्ट आधी मनात पक्की करावी. गाडीचा कर गाडीच्या मागं चालतो आणि विमा मुख्यतः माणसाच्या मागं चालतो. एवढं कळलं की निम्मा घोळ मिटतो.

आधी कर. महाराष्ट्रात मोटार वाहन कराचा कायदा १९५८ सालचा आहे. खासगी गाडीचा कर आता नवी गाडी नोंदवतानाच एकरकमी भरला जातो. त्यामुळं परभणीत नोंदलेली, एमएच-२२ पासिंगची खासगी व्हॅन तुम्ही परभणीतच घेतली, तर हा कर पुन्हा भरावा लागत नाही. पहिल्या मालकानं भरलेला कर गाडीसोबत तुमच्याकडं येतो. पण भरलेला कर जसा गाडीसोबत येतो, तसा थकलेला करही येतो. मालवाहू टेम्पो किंवा भाड्याच्या व्हॅनचा कर पुष्कळदा वर्षाच्या किंवा तिमाहीच्या हप्त्यानं भरलेला असतो. मधले हप्ते चुकलेले असतील, तर गाडी ज्याच्या ताब्यात येईल त्याच्याकडून ते वसूल होऊ शकतात, वर व्याज वेगळं. ‘ते तर आधीच्या मालकाच्या काळातलं आहे’ हे उत्तर तिथं चालत नाही.

दुसरी बाब वयाची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं गाडी तपासून घेऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क बरंच वाढलेलं आहे. शिवाय राज्यात पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी गाड्यांवर आणि आठ वर्षं झालेल्या परिवहन वाहनांवर पर्यावरण कर लागतो. म्हणून कुणी चौदा वर्षांची व्हॅन स्वस्तात देत असेल, तर ती स्वस्त का आहे, हे आधी पाहावं. विकणाऱ्यानं पंधराव्या वर्षाचा खर्च तुमच्या गळ्यात घातलेला असू शकतो.

तिसरी बाब परराज्याची. आपल्या भागाचा हैदराबादशी जुना राबता. तिथं गाड्या चांगल्या मिळतात, असं म्हणत अनेकजण तिकडून व्हॅन आणतात. अशा गाडीच्या पाटीवर पूर्वी एपी असे, २०१४ नंतर टीएस आलं आणि २०२४ पासून टीजी. पाटी कोणतीही असो, ती गाडी कायमची इथं ठेवायची तर तिथल्या कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणावं लागतं आणि महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयाप्रमाणं नव्यानं भरावा लागतो. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी तिकडंच खेटे घालावे लागतात. सौद्याची रक्कम ठरवताना हा कर धरलाच नाही, तर स्वस्त गाडी महाग पडते.

जीएसटीविषयी एक गैरसमज मध्यंतरी फार पसरला. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या गाड्यांवर अठरा टक्के कर लागला, अशी चर्चा घरोघरी झाली. तो दर जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांसाठी आहे, आणि तोही त्यांच्या नफ्याच्या फरकावर. दोन सामान्य माणसांनी आपसात घरची गाडी घेतली-दिली, तर त्यावर जीएसटी लागत नाही.

‘थर्ड पार्टी’ म्हणजे कोण?

आता विमा. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण हा तिसरा कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा माणूस. सायकलवरून शाळेत जाणारा पोरगा, कापसाचं ओझं घेऊन चाललेली बाई, उसाच्या गाडीसोबत चालणारा तोडणी कामगार. या तिसऱ्यानं करारावर सही केलेली नसते, त्याला त्या कागदाचा पत्ताही नसतो. पण तुमच्या गाडीनं त्याचा हातपाय मोडला, जीव गेला, तर त्याच्या घराला भरपाई मिळावी, म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नं हा विमा सक्तीचा केला आहे. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार रुपये आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवासही होऊ शकतो.

या विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार जाहीर करतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत एक हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये होते आणि एक हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये. त्यावर कर वेगळा. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, म्हणजे ती पहिल्या गटात. ईको दुसऱ्या गटात. वर्षाचे दोन हजार म्हणजे दिवसाला सहा रुपयेही होत नाहीत, एका कट चहाइतके.

गाडी विकली की हा विमा कुठं जातो? कलम १५७ सांगतं, की गाडीची मालकी ज्या दिवशी बदलली, त्या दिवसापासून विमाही नव्या मालकाच्या नावे गेला असं मानलं जाईल, आणि नव्या मालकानं चौदा दिवसांच्या आत कंपनीकडं अर्ज करून नाव बदलून घ्यावं. हे वाचून पुष्कळांना वाटतं, की विमा आपोआप आपला झाला. इथंच माणूस फसतो. सर्वोच्च न्यायालयानं नव्वदच्या दशकातच ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ या खटल्यात स्पष्ट केलं आहे, की आपोआप जातं ते फक्त तिसऱ्याचं संरक्षण. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, म्हणजे लोक ज्याला ‘फुल विमा’ म्हणतात त्यातला मोठा भाग, हा कंपनी आणि जुना मालक यांच्यातला खासगी करार आहे. कंपनीनं तुमच्याशी नवा करार केलेला नसेल, तर तुमची व्हॅन झाडावर आदळली, पुरात वाहिली किंवा चोरीला गेली, तरी भरपाई मागण्याचा हक्क तुमच्याकडं येत नाही.

अनेकजण पुढच्या वर्षीही जुन्या मालकाच्याच नावानं हप्ता भरत राहतात. हप्ता तुमच्या खिशातून, पावती दुसऱ्याच्या नावाची. वर्षानुवर्षं असं चालतं आणि काही घडलं की मगच डोळे उघडतात. मालक स्वतः गाडी चालवत असताना दगावला तर मिळणाऱ्या पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचंही तसंच आहे. ते संरक्षण नोंदणीकृत मालकाला आहे आणि त्याच्याकडं वैध लायसन्स असेल तरच आहे. नाव बदललं नाही, तर मागं राहिलेल्या बायकापोरांना कंपनी विचारते, ‘पण गाडी यांची होती कुठं?’

तशीच गोष्ट ‘नो क्लेम बोनस’ची. सलग वर्षं भरपाई मागितली नाही, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ही सूट गाडीला नसते, माणसाच्या सचोटीला असते. म्हणून विकणाऱ्यानं आपल्या कंपनीकडून त्या बोनसचं पत्र घ्यावं. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर ती सूट त्याच्या कामी येते. आणि घेणाऱ्यानं जुन्या मालकाची सूट आपली समजू नये. विमा नावावर करताना त्या फरकाचे पैसे कंपनी मागते आणि ते द्यावेच लागतात.

विकणाऱ्यानंच जास्त भ्यावं

नाव बदललं नाही तर घेणाऱ्याचं नुकसान होतं, हे लोकांना पटतं. पण विकणाऱ्याचा धोका त्याहून मोठा आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पैसे मिळाले, आता आपला काय संबंध, असं त्याला वाटतं.

समजा, गंगाखेडच्या एका निवृत्त शिक्षकानं आपली व्हॅन पाहुण्याला विकली. पाहुण्यानं ती पूर्णेच्या कुणाला दिली, त्यानं पुढं पालमच्या कुणाला. आरसी बुकात नाव मास्तरांचंच. विमा मधेच कुठं तरी संपला. एके संध्याकाळी त्या व्हॅननं एका मजुराला उडवलं. मजुराची बायको मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेली, तर नोटीस कुणाला येईल? पालमच्या चालकाला येईल, आणि मास्तरांना येईल. कायद्यानुसार मालक म्हणजे ज्याच्या नावानं गाडी नोंदलेली आहे तो. मास्तर ज्यांना ओळखतही नाहीत, त्या माणसाच्या हातून झालेल्या मृत्यूची भरपाई मास्तरांच्या पेन्शनकडं बघू लागेल.

हे काल्पनिक उदाहरण झालं, पण न्यायालयासमोर असं घडलेलं आहे. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात नोंदणीकृत मालकानं २००७ साली मोटार विकली होती. ती हातोहात पुढं विकली जात राहिली, दप्तरी नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ साली अपघात झाला. आपण गाडी केव्हाच विकली आहे, असं पहिल्या मालकाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या फेब्रुवारीत निकाल दिला, की ज्याचं नाव नोंदीत, जबाबदारी त्याची. त्यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. अपघातात ज्याचा माणूस गेला, त्या घरानं एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या व्यवहारांचा माग किती दिवस काढत बसावं? कायद्यानं त्या घरासाठी एक ठावठिकाणा ठरवून ठेवला आहे, आणि तो म्हणजे आरसी बुकातलं नाव.

गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं नाव गुंफतो, त्याला मक्ता म्हणतात. मग ती गझल कोणत्याही गायकानं गावी, मैफिलीत कुणीही म्हणावी, ती कुणाची, हे मक्ता सांगतो. आरसी बुकातलं नाव हा गाडीचा मक्ता आहे. फरक इतकाच, की शायराच्या वाट्याला दाद येते आणि गाडीवाल्याच्या वाट्याला वसुली. न्यायाधिकरणानं ठरवलेली रक्कम दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे व्हॅन विकून चार वर्षं झालेल्या माणसाच्या शेताला ती भिडू शकते.

काय, कधी आणि कोणी करायचं

गाडी एकाच राज्यातली असेल, तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांच्या आत विक्रीची माहिती परिवहन कार्यालयाला द्यावी. त्यासाठी फॉर्म २९ असतो. घेणाऱ्यानं तीस दिवसांच्या आत नाव लावण्यासाठी अर्ज करावा, तो फॉर्म ३०. एजंटांच्या भाषेत यांना टीटी फॉर्म म्हणतात. आता हे अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरता येतात. सरकारी शुल्क काही शे रुपयांच्या घरातलं आहे. उशीर झाला तर मात्र ते वाढतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाकडं ठेवून जाणं हा विकणाऱ्यांचा आवडता मार्ग. तो सर्वांत वाईट. कोऱ्या सहीवर तारीख दुसराच टाकतो, आणि टाकेल तेव्हाच टाकतो.

शेत घेताना आपण सातबारा पाहतो, इतर हक्कात बोजा आहे का बघतो. गाडीचंही तेच करावं. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर कर्जफेडीचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे, कर कधीपर्यंत भरला आहे, नोंदणीची मुदत कधी संपते, हे मोबाईलवर पाहता येतं. ई-चलनं थकली आहेत का, तेही बघावं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हे पाहावं, कारण ती नसेल तर नाव बदलण्याचं काम अडतं. मूळ मालक वारलेला असेल, तर आधी वारसाचं नाव फॉर्म ३१ भरून लागलं पाहिजे. मुलानं बापाच्या नावची गाडी बाँडवर विकली, म्हणून ती विकली जात नाही.

व्हॅनच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. पहिली, गॅसचं किट. ते बसवलेलं असेल तर आरसी बुकात तशी नोंद हवी आणि विमा कंपनीला ते माहीत हवं. दुसरी, वापर. पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन घेऊन भाडं मारणं, शाळेची मुलं ने-आण करणं आपल्याकडं सर्रास चालतं. परवाना नसतो आणि विमा खासगी वापराचा असतो. अशा गाडीला काही झालं, तर आत बसलेल्या लेकरांच्या आईबापांसमोर कंपनी अटींचा कागद ठेवते. शाळेच्या वाहनांसाठी राज्यात २०११ पासून वेगळे नियम आहेत. ज्याला तो धंदा करायचा आहे, त्यानं तसा परवाना आणि तसाच विमा घेऊन करावा.

सौद्याच्या दिवशी एक साधा करारनामा जरूर करावा. त्यात गाडीचा नंबर, इंजिन आणि चासीचा क्रमांक, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोन साक्षीदार असावेत. आपला ओळखीचा शंभराचा बाँड २०२४ च्या ऑक्टोबरपासून बदलून पाचशेचा झाला आहे, एवढं ध्यानात ठेवावं. मात्र हा करारनामा पूरक कागद आहे, नावबदल नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचं: विमा संपलेली गाडी घरापर्यंतसुद्धा चालवत आणू नये. आधी विमा, मग किल्ली.

ओळखीच्या माणसाला कागद मागण्यात कसली लाज? कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाजाविषयी किंवा रोज्याविषयी नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार घेण्याविषयी आहे. आमच्याकडं मौलवी हे सांगतात, तुमच्याकडं घरची वडीलधारी माणसं सांगतात, अर्थ एकच. लिहून ठेवलं की नातं टिकतं. न लिहिल्यामुळं तुटलेली नाती आपण प्रत्येक गावात पाहिलेली आहेत.

तेव्हा मित्रहो, गाडी घेणाऱ्यानं विकणाऱ्याला सोबत घेऊनच फॉर्म भरावेत, आणि विकणाऱ्यानं नवं आरसी बुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार संपला असं मानू नये. त्याची एक झेरॉक्स आपल्या कपाटात ठेवावी. दोघांची मिळून एखादी दुपार जाईल. तेवढ्यानं घेणाऱ्याची गाडी खरोखर त्याची होते, विकणारा सुटतो, आणि रस्त्याच्या कडेनं चाललेल्या त्या तिसऱ्या माणसाच्या घराला, वेळ आलीच तर, कुणाचं दार ठोठवायचं ते कळतं.